दुय्यमची हाक

६ ऑक्टोबर

ताई,

पोचले. हाडं सगळी जागेवर आहेत, फक्त कुठलं हाड कुठे असतं ते आता कळायला लागलंय. तंबूत बसून लिहितेय. मांडीवर अवजारांची वही आणि तिच्यावर हा कागद. इथे फोन लागत नाही हे भाऊजींनी तुला सांगितलंच असेल. आठवड्यातून एकदा सामानाची जीप येते, तीच पत्रं आणते आणि नेते. छापखान्यात दिवसभर परक्यांची मुद्रितं तपासतेस, आता घरी आल्यावर बहिणीच्या चुका काढत बस.

काम काय ते नीट सांगते, कारण भाऊजी बारा वर्षं हेच करतात आणि तुला अजून वाटतं की ते रानात फिरायला जातात. इथली जुनी पायवाट दर वर्षी पाण्यानं धुपते. मग लोक वाट सोडून गवतातून चालतात, गवत मरतं, माती सुटते आणि डोंगराची सालच्या साल ओढ्यात जाते. आम्ही ती वाट धरून ठेवतो. पाणी बाजूला काढायला आडवे चर खणायचे, पडलेली झाडं कापायची आणि चढ असेल तिथे दगडी पायऱ्या घालायच्या. संस्थेच्या तुकडीत आम्ही एकूण सात जण. प्रमुख भाऊजी, दुय्यम मी, बाकीचे पाच आमच्या हाताखाली. म्हणजे भाऊजींच्या हाताखाली. माझ्या हाताखाली औषधांची पिशवी आणि अठरा अवजारं.

दुय्यमनं चालताना सगळ्यांच्या मागे राहायचं, संध्याकाळी अवजारं मोजायची, कुणाच्या टाचेला फोड आला, कुणी कुणाशी अबोला धरला, सगळं पाहायचं. पण खरं काम हाक द्यायचं. पायरीचा दगड म्हणजे आपल्या शिवणयंत्राएवढा, कधी त्याच्या दुप्पट. वरच्या बाजूनं तो दोरानं सोडत आणतात. खाली त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्याला आम्ही घर म्हणतो. मी घराशेजारी उभी. वरचे मला दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही, मधे डोंगराचं पोट येतं. दगड घरात पक्का गेला की मी ओरडायचं, ‘बसला’. ते ऐकून भाऊजी पहार काढतात, हात वर करतात आणि मागचे दोघे दोर सोडतात. न बसलेला दगड सोडला तर तो थेट खाली जाणार, वाटेत असेल त्याला घेऊन.

म्हणून कामाच्या वेळी इथे ‘बस’ म्हणायला बंदी आहे. मला आधी वाटलं नव्या माणसाची थट्टा करतायत. पण खरंच कुणी ‘बसा’ म्हणत नाही, ‘टेका’ म्हणतात. जेवायला टेकलो. दमलो, जरा टेकतो. चुकून कुणाच्या तोंडून गेलं तर त्यानं दोन दिवस सगळ्यांचं पाणी वाहायचं. आणि यावर लक्ष कुणी ठेवायचं, तर दुय्यमनं. तेव्हा पत्रात तरी मी मनसोक्त बसून घेणार आहे.

पाण्याची शिक्षा पहिल्याच दिवशी मास्तरला मिळाली. शाळेतला मास्तर नव्हे, टेलर मास्तर. तयार कपड्यांमुळे दुकान मिटलं म्हणून इथे आला. पन्नाशी उलटलेली, यंत्र मारून मारून गुडघे गेलेले. म्हणतो, जंगलात निदान मापं घ्यावी लागत नाहीत.

तुझी,
भिंगरी

१९ ऑक्टोबर

भिंगरे,

पत्र मिळालं. चुका एकवीस. त्यातल्या वीस सोडून देते, एक सोडणार नाही. ‘मास्तर आला’, ‘मास्तर म्हणतो’ हे काय आहे? तुझ्या बापाच्या वयाचा माणूस आहे. आले, म्हणतात. लहानपणापासून तुझी जीभ अशीच सैल. आई गेल्यावर मी तुला वाढवलं, म्हणजे तू कुणाला अरे-तुरे केलंस की लोक माझ्याकडे बघतात.

दुसरं, जरा गंभीर. दुय्यमच्या जागेसाठी अकरा अर्ज होते. ह्यांनी तुझ्यासाठी शब्द टाकला. बारा वर्षांत कुणासाठी टाकला नव्हता. संस्थेत लोक बोललेच, मेव्हणीला चिकटवली म्हणून. हे मला काही बोलले नाहीत, मला दुसरीकडून कळलं. तेव्हा त्यांची मान खाली जाईल असं काही करू नकोस. त्यांच्याजवळ दुसरं काही नाही गं. घर भाड्याचं, मूलबाळ नाही. डोंगरावर ह्यांच्या शब्दाला किंमत आहे, तेवढीच त्यांची कमाई.

मी बरी आहे. सध्या एका वैद्यांचं सहाशे पानांचं पुस्तक तपासतेय, आणि वाचलेला प्रत्येक रोग मला होतोय. काल मुतखडा होता.

ह्यांना म्हणावं, लोकरीची टोपी बॅगेच्या तळाशी आहे. सांगितल्याशिवाय सापडायची नाही.

ताई

१२ नोव्हेंबर

ताई,

टोपी सापडली. भाऊजी ती घालून दिवसभर हिंडतात आणि झोपतातही तिच्यातच.

थंडी आता बोटांत शिरते. कामात आम्ही मागे आहोत. महिनाअखेर संस्थेची माणसं पाहणीला येणार, तोवर ओढ्याच्या वरचा टप्पा पुरा व्हायला हवा. बेचाळीस पायऱ्यांपैकी सव्वीस झाल्यात. भाऊजी घाई करत नाहीत, घाई मीच करते. लोकांना दाखवून द्यायचंय मला की मेव्हणी म्हणून नाही आले.

मास्तरांनी (बघ, लिहिलं) माझ्या पिशवीचा तुटलेला बंद असा शिवून दिला की पिशवी फाटेल पण तो सुटायचा नाही. माणूस देव आहे. पण ताई, कामात माझं डोकं फिरवतो. फिरवतात. पायरीखाली ठासायला दगडाच्या कपच्या आणायला पाठवावं तर चार कपच्या वेचून बसतात. बसतात आणि बसतातच. आठ-दहा वेळा तरी उठवते दिवसातून. भाऊजी म्हणतात, हलकं काम दे, गुडघे दुखतात त्यांचे. हलकं काम म्हणजे कपच्या वेचणंच की. त्याहून हलकं म्हणजे झोप काढणं. पाठीमागे मी त्यांना काय काय म्हणते ते तुला लिहीत नाही, तू चुका काढशील.

आज बसून लिहायलाही त्राण नाही, पडूनच लिहिलंय. अक्षराला माफ कर.

भिंगरी

२८ नोव्हेंबर

ताई,

भाऊजींना काही झालेलं नाही. हे आधी लिहिते. मलाही नाही.

मास्तर गेले. काल, दुपारी तीनच्या सुमाराला. बत्तिसाव्या पायरीचा दगड घराच्या काठावर होता, अजून आत गेला नव्हता. मास्तर खालच्या अंगाला कपच्या वेचत होते. दोराला दगड असताना खाली कुणी थांबायचं नसतं. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते होतायत तोवर वरून दोर सुटला. कंबरेखाली सगळं गेलं त्यांचं.

आम्ही त्यांना चार तास खांद्यावरून खाली आणलं, आम्हीच घातलेल्या पायऱ्यांवरून. एकाला पुढे पळवून जीप मागवली होती, ती येईपर्यंत शुद्ध होती. वाटेत ते स्वतःच म्हणाले, माझीच चूक झाली. रस्त्याला लागल्यावर गेले.

मी इशारा दिला नव्हता. भाऊजी म्हणतात त्यांना ऐकू आला. मला काही सुचत नाहीये, ताई. संस्थेनं त्यांना खाली बोलावलंय, हे पत्र तेच आणतील. त्यांना काही विचारू नकोस. जेवू घाल.

भिंगरी

८ डिसेंबर

भिंगरे,

हे घरी आले त्याला आठ दिवस झाले. चौकशी पुरी होईपर्यंत कामावरून दूर केलंय. जेवतात, आंघोळ करतात, विचारलं तर उत्तर देतात. बाकी खिडकीपाशी. बारा वर्षांत एवढे दिवस घरी राहिले नव्हते. पण असं राहणं मला नको झालंय.

तुझं ऐकून तीन दिवस काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तेच बोलले. म्हणाले, “मी शब्द ऐकला. तिचाच आवाज होता. ऐकल्याशिवाय मी कधी पहार काढली आहे का?” चौकशी समितीपुढेही त्यांनी हेच सांगितलं. दोन साहेब आणि एक बाई होत्या. दोर धरणारे दोघे म्हणाले, आम्हाला ओढ्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, आम्ही यांचा हात पाहून दोर सोडतो. म्हणजे सगळं तुझ्यावर आलं. खाली तूच होतीस, आणि दुसरा माणूस बोलायला उरला नाही.

म्हणून एकदाच विचारते. मला खरं सांग, मी तुला काही म्हणणार नाही. हाक गेली होती का तुझी? दगड बसला असं वाटून चुकून? माणसाची चूक होते. ह्यांचंही तेच म्हणणं आहे, की तिला वाटलं असेल बसला, अंदाज चुकला असेल, तिनं तसं सांगावं, मी तिच्या बाजूनं उभा राहतो. एवढं कळलं तरी त्यांच्या जिवाला शांतता मिळेल. आपण ऐकलं ते खरं होतं का, एवढंच त्यांना हवंय.

ताई

१६ डिसेंबर

ताई,

नाही. मी दगडासाठी इशारा दिला नव्हता. दगड आत गेलेलाच नव्हता, मला समोर दिसत होतं, मग देईन कशी? अंदाज चुकायचा प्रश्नच नाही. समितीला हेच सांगितलं आणि लिहूनही दिलं. मास्तर वाटेत काय म्हणाले तेही त्यांनी लिहून घेतलं.

त्या दिवशी वारं होतं, ओढ्याला पाणी होतं. अशा वेळी कानाला काहीही भास होतो. भाऊजींनाही झाला असेल. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांना वाटलं, एवढंच. बारा वर्षं घणाचे आवाज ऐकून कानही दमतात. तू एकदा त्यांचे कान दाखवून घे.

एक सांगायचंय आणि कसं सांगू कळत नाही. तुकडी आता माझ्याकडे दिलीय, तात्पुरती. मी नको म्हटलं होतं. मार्चपर्यंत काम पुरं करायला दुसरं कुणी नाही, असं म्हणाले.

बत्तिसावी पायरी घातली परवा.

भिंगरी

२० जानेवारी

भिंगरे,

उशीर झाला लिहायला. बरंच काही झालं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, “ती नाही म्हणते तर नसेल. ती कशाला खोटं बोलेल?” मलाही तेच म्हणायचं होतं. मी वाढवलंय तुला. लहानपणी बरणी फोडलीस की स्वतः येऊन सांगायचीस, मार खायला पाठ पुढे करून. मग मीच ह्यांच्या मागे लागले. म्हटलं, भास झाला म्हणून सांगून टाका, लपवण्यात काय अर्थ आहे? वयानं माणसाचे कान जातात, त्यात कसली लाज? पंधरा दिवस रोज बोलत राहिले. अखेर त्यांनी लिहून दिलं. ‘शब्द ऐकल्याचा मला भास झाला असावा.’ मजकूर मीच तपासला. एकही चूक नव्हती.

त्यावर संस्थेचं पत्र आलं. डोंगरावरच्या कामाला कायमचे अपात्र. इतरत्र ठेवायला जागा नाही. शिवाय वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, प्रमुखाच्या हलगर्जीपणामुळे कामगाराचा मृत्यू. समोरच्यांनी ती बातमी वाचून आमच्याकडे पाहायचं बंद केलं.

आणि मास्तरांच्या बायको येऊन गेल्या. बारीक, काळजीनं वाळलेल्या बाई. ह्यांच्यापुढे उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “काय झालं ते मला सांगा, मी भांडायला आले नाही.” ह्यांना बोलताच येईना. म्हणून मी सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीनं त्यांना बाजूला व्हा म्हणून सांगितलं होतं, त्यांना वेळ मिळाला नाही. त्या म्हणाल्या, “वेळ मिळाला असणार. सांगितलेलं ऐकायची सवयच नव्हती त्यांना. जन्मभर मी ओरडले.” मग पाणीही न पिता गेल्या. नवऱ्याचा राग आला होता त्यांना, दिसत होतं.

कानांच्या डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. तोवर मी घरात जरा मोठ्यानं बोलते. ह्यांना बरं पडतं.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

पत्र चार वेळा वाचलं.

वर्तमानपत्राचं मनाला लावून घेऊ नकोस, लोक आठ दिवसांत विसरतात. भाऊजींना खाली कुठलंही काम मिळेल, त्यांच्या हातात कसब आहे. मी इथल्या साहेबांशी बोलते, अवजारांच्या कोठारात घेता येईल का म्हणून.

कानांची घाई कशाला करतेस? भास झाला असं लिहून दिलंच आहे, आता तपासणी करून काय मिळणार? उगाच त्यांना त्रास. थंडी कमी होऊ दे.

मास्तरांच्या बायकोला तू ते सांगायला नको होतंस.

कामाचं ठीक. चाळीस पायऱ्या झाल्या. नवीन दुय्यम आलाय, सारखा माझ्या तोंडाकडे पाहतो. जेवायला टेकलो की मी भराभर उरकते आणि उठते.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

काल कानांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत एकटं बसवून कानावर डबडी लावतात आणि बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की हात वर करायचा. मी बाहेरून पाहत होते. ह्यांनी एकूण एक आवाजाला हात वर केला. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात, आणलंत कशासाठी?

घरी आल्यावर तुझी सगळी पत्रं काढली आणि मुद्रित वाचतात तशी वाचली, एकेक शब्दावर बोट ठेवून. तुला माहीत आहे, हे काम मी सव्वीस वर्षं करतेय. काय आहे ते तर दिसतंच, पण मला काय गळलंय तेही दिसतं.

ऑक्टोबरात तू लिहिलंस, पत्रात मनसोक्त बसून घेणार. घेतलंसही. नोव्हेंबरातही आहे, मास्तर बसतात आणि बसतातच. अठ्ठावीस नोव्हेंबरपासून तीन पत्रं आली. त्यांत तो शब्द नाही. एकदाही नाही. दगड ‘आत गेला’. हाक न म्हणता ‘इशारा’ म्हणतेस. मला लिहितानाही जेवायला ‘टेकतेस’. आणि मी विचारलं हाक गेली का, तर तू लिहिलंस, ‘दगडासाठी’ इशारा दिला नव्हता. ‘दगडासाठी’ हा शब्द तिथे का आहे? मी तो विचारला नव्हता.

कशासाठी दिला होतास, भिंगरे?

ताई

४ मार्च

ताई,

आज सुट्टी दिली सगळ्यांना. दुपार आहे. ते ओढ्यावर गेलेत, मी एकटी आहे. लिहिते.

दगड घराच्या काठावर अडकला होता. वरून भाऊजी पहारीनं हळूहळू रेटत होते. मास्तर खाली होते. त्यांना कपच्या आणायला मीच पाठवलं होतं, दगड दोराला लागल्यावर पाठवलं होतं. पाहणी दोन दिवसांवर आली होती, मला सगळंच एकदम उरकायचं होतं. मी मागे वळून पाहिलं, तर कपच्यांचं घमेलं बाजूला ठेवून ते उतारावर बसलेले, गुडघा चोळत. त्या दिवसातली पाचवी वेळ होती. मला इतका राग आला. ताई, मी त्यांना उठा म्हणाले नाही. बाजूला व्हा म्हणाले नाही. ते सगळं मी नंतर रचलं. मी मोठ्यानं, त्यांना टोचावं म्हणून, वाऱ्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, “बसला. परत बसला.”

मास्तर हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, आता पाण्याचे कॅन मीच वाहणार. हसत हसत हात टेकून उठायला लागले. तेवढ्यात दोर सुटला.

तू मला सांगितलं होतंस, आले म्हणावं, म्हणतात म्हणावं. मी ‘मास्तर बसले’ म्हणाले असते तर भाऊजींनी पहार काढली नसती. दगडाला कधी कुणी ‘बसले’ म्हणत नाही. एवढ्याशा मात्रेवर माणूस गेला. ती मात्रा मी मुद्दाम खाल्ली, त्यांना कमी लेखायला. शब्दांवर लक्ष ठेवायचं काम माझंच होतं.

भाऊजी धावत खाली आले आणि त्यांनी पहिलं हेच विचारलं, “तू हाक दिलीस ना?” मी म्हणाले, नाही. विचार केला नव्हता, तोंडातून निघून गेलं. मनात म्हटलं, खरंच आहे, दगडाची हाक दिलीच नव्हती. मग संध्याकाळी परत विचारलं, परत नाही. समितीसमोर नाही. दर वेळी आधीच्या नाहीचा आधार घेतला. वाटेत मास्तर म्हणाले, “चूक माझीच, मी बसायला नको होतं.” मी त्यांचा हात धरला होता. तेव्हाही गप्प राहिले, आणि पुढे ते वाक्यही समितीला सांगितलं, स्वतःला वाचवायला.

नोकरीसाठी केलं असं म्हणू नकोस. नोकरीसाठीही केलं, पण जास्त भीती होती. तू माझ्याकडे कशी बघशील याची. भाऊजी माझ्यावर विश्वास ठेवतील हे मला ठाऊक होतं, स्वतःच्या कानांपेक्षा जास्त ठेवतील हेही ठाऊक होतं. मी त्याचाच फायदा घेतला.

काय करायचं ते सांग. सांगशील ते करीन.

भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी ह्यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचलं. मग आत आले आणि म्हणाले, “म्हणजे मी ऐकलं होतं.” तेवढंच. मला वाटलं ते तुझ्यावर चिडतील. तुझं नावसुद्धा घेतलं नाही. जेवताना मला विचारलं, “ती माझ्यासमोर नव्हती, तू तर समोर होतीस. तू का नाही मानलंस?” दोन महिने मी धडधाकट कानांच्या माणसाशी ओरडून बोलत होते. त्यांच्या हातून लिहून घेतलं की तुम्हाला भास होतात.

तुझं मूळ पत्र मी समितीला पाठवलं. हे नको म्हणत होते, पोरीचं आयुष्य जाईल म्हणाले. मी त्यांचं ऐकलं नाही. आधी ऐकायला हवं होतं तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकायचं नव्हतं. पुढे काय होईल ते होईल. ह्यांची जागा परत मिळेल अशी मला आशा नाही. अपात्र हा शब्द तेवढा काढावा, असं मी लिहिलं आहे.

पाठवण्याआधी हे ते पत्र घेऊन मास्तरांच्या घरी गेले. मीही गेले, एकटं पाठवणार नव्हते. शिवणयंत्र अजून खिडकीपाशीच आहे. ह्यांनी उभ्याउभ्याच सगळं पत्र वाचून दाखवलं, सुरुवातीपासून, कुठे न थांबता. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. संपल्यावर नोकरीचं विचारलं नाही, शिक्षेचं विचारलं नाही, तू कोण, कुठली, काही नाही. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांना उठा म्हणून कुणी म्हणालंच नाही?”

हे म्हणाले, नाही.

बाई म्हणाल्या, “मी त्यांच्या फोटोशी भांडत होते. रोज. म्हणत होते, एकदा तरी कुणाचं ऐकलं असतं तर.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. ते सगळं त्यांना मीच सांगितलं होतं, तुझ्या भरवशावर.

निघताना त्यांनी सांगितलं, पत्र मला नको, तिला यायला सांगा. तिनं माझ्यासमोर उभं राहून सांगावं, की ते चुकले नव्हते. मंगळवारी त्या घरी असतात. तेव्हा पत्र मिळताच निघ. ज्या जीपनं हे पत्र येईल तिच्यातूनच खाली ये. गाडीच्या थांब्यावर हे येतील, तेच तुला तिथे नेतील. मी येणार नाही.

ताई